मामाचा होकार, बाईंचा नकार

माझ्या मामाला अख्खा रस्ता 'विचारून' म्हणायचा. खुर्च्या आणि सोफे भरून देणं हा त्याचा धंदा. दुकान म्हणजे एक लांबट खोली. आत काथ्याचे पेंढे, फोमच्या लाद्या, कापडाचे तागे आणि पोट फाडून उलटे टाकलेले सोफे. काम करताना तो चुका, म्हणजे ते बारके खिळे, ओठांत धरायचा आणि एकेक काढून ठोकायचा. त्यामुळे कुणालाही लगेच उत्तर म्हणून मिळायचं नाही. समोरचा न्हावी म्हणायचा, "याच्या तोंडातच इतक्या चुका, की बोलण्यात करायला शिल्लकच राहत नाहीत!"

नाव मात्र त्यावरून पडलं नव्हतं. आयुष्यातली कुठलीही मोठी गोष्ट समोर आली की मामा म्हणायचा, "विचारून सांगतो." नवख्याला वाटायचं, बायकोला विचारणार असेल. मामा विचारायचा देवाला. सकाळी शटर अर्धं वर करून गिऱ्हाइकाच्याच एखाद्या खुर्चीत बसायचा, मांडीवर पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल. दुकान विकत घ्यायचं की भाड्याने, भागीदार घ्यायचा की नाही, सगळं तिथेच बसून ठरलं. आवाज वगैरे ऐकू येतो का, असं मी एकदा विचारलं होतं. "छे गं," तो म्हणाला. "मी वाचतो, चार शहाण्या माणसांशी बोलतो, थांबतो. मनाला शेवटी विचारतो. ते सगळ्यांत लबाड."

मामी गेली तेव्हा मामाने नुकतीच चाळिशी ओलांडली होती. मूलबाळ नव्हतं. मामी जिथे शिवणकाम करायची ती खोली त्याने बंद करून टाकली. जेवायचा स्वयंपाकघरात उभ्या उभ्या. माझी आई त्याची थोरली बहीण. ती रविवारी उपासनेनंतर डबा घेऊन गेली की मागच्या रविवारचा डबा तसाच खरकटा सापडायचा. ती रागावायची. तो ऐकून घ्यायचा, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

अशी तीन-चार वर्षं गेल्यावर चष्म्याच्या दुकानातल्या बाई त्याच्याकडे आल्या. त्या आमच्याच चर्चच्या मंडळीतल्या, लग्न न झालेल्या, वडिलांना सांभाळणाऱ्या. वडील दिवसभर एका आरामखुर्चीत बसून असायचे आणि त्यांची पाठ सोलून निघत होती. मामाने घरी जाऊन म्हाताऱ्यांच्या पाठीचं माप घेतलं, खुर्ची मोडून नव्याने भरली, पाठीच्या पोकळीपाशी वेगळी गादी बसवली. त्यानंतर काही ना काही बिघडत राहिलं. कधी खुर्चीचा हात हलायचा, कधी शिवण उसवायची. आईच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"अरे, खुर्ची बिघडतेय की तू बिघडवतोयस?" तिने विचारलं.

मामाचे कान लाल झाले. "विचारून सांगतो," तो म्हणाला आणि आई इतकी हसली की तिला ठसका लागला.

पुढचे कित्येक आठवडे तो सकाळी जरा जास्त वेळ बसत होता. पाळकसाहेबांशी बोलला, आईशी बोलला. मग एके दिवशी मामीची खोली उघडली, शिवणयंत्र मला दिलं, भिंतींना रंग दिला. "देव हो म्हणतोय असं वाटतं," तो आईला म्हणाला, आणि बाईंना सरळ जाऊन विचारून आला.

बाई म्हणाल्या, "मीही विचारून सांगते."

त्यांचं उत्तर आलं तेव्हा मी दुकानातच होते. कॉलेजातून येताना तिथे टेकायची माझी सवय होती. बाई आत आल्या, उभ्याच राहिल्या.

"तुमच्यात मला काही उणं दिसत नाही," त्या म्हणाल्या. "पण प्रार्थनेला बसले की मला पुढे पाऊल टाकवत नाही. उत्तर नाही असंच येतंय. का, ते मला सांगता येणार नाही."

मामाने ओठांतल्या चुका तळहातावर काढल्या. त्याला वेळ लागला. "मग मी विचारणार नाही," तो म्हणाला. "बसा. चहा सांगतो."

त्या बसल्या, चहा घेतला, गेल्या. मामा एक सोफा उघडून बसला आणि दिवे लागेपर्यंत त्यात त्याने एकही खिळा ठोकला नाही.

आईचा मात्र पारा चढला. "दोघांना दोन उत्तरं? देव काय दोन तोंडांनी बोलतो? तुला हो आलंय ना, मग सांग तिला तसं!"

"ताई, ते मी करणार नाही."

"का पण?"

"लग्नाला नाही म्हणणं तिच्या हातात आहे. मी देवाचं नाव मध्ये घातलं तर तिने नाही कुणाला म्हणायचं?"

गोष्ट घरात राहिली नाही. मंडळीत कुजबुज सुरू झाली आणि बुधवारच्या प्रार्थनासभेत एका ज्येष्ठ सभासदांनी डोळे मिटून सूर लावला, "प्रभू, आमच्या एका बहिणीचं मन कठीण झालंय. तुझी इच्छा कळूनही ती पाठ फिरवते आहे..." बाई तिसऱ्या बाकावर होत्या. त्यांची मान खाली गेली.

"थांबा," मामा उभा राहिला.

प्रार्थना मध्येच तोडलेली आमच्या मंडळीत कुणी पाहिली नव्हती. सगळ्यांचे डोळे उघडले.

"अहो, प्रार्थना चाललीय," ते गृहस्थ म्हणाले.

"ही प्रार्थना नाही, साहेब. बाईंना मारलेले टोमणे आहेत, फक्त पत्ता देवाचा घातलाय." मामाने पुढच्या बाकाची पाठ धरली होती, चारचौघांत बोलायचा त्याला सराव नव्हता. "देव हो म्हणाला असं मला वाटलं. वाटलं. बाईंनी त्याच देवाला विचारलं, त्यांना नाही वाटलं. आता माझे कान मोठे आहेत हे खरं, पण ते त्यांच्या कानांपेक्षा देवाच्या जवळ आहेत असं मला कुणी सांगितलेलं नाही."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. पाळकसाहेबांनी सगळ्यांना गाणं म्हणायला सांगितलं. मामा खाली बसला आणि गाणं संपेपर्यंत रुमालाने मान पुसत राहिला. त्यानंतर बाईंना कुणी काही बोललं नाही. रविवारी मामा स्वतः होऊन त्यांच्या वडिलांची चौकशी करायचा, आणि त्याही मोकळेपणाने बोलायच्या.

त्याला सोपं गेलं असं मात्र नाही. त्या दिवसांत तो माझ्याशी एकदाच त्याबद्दल बोलला. "माझंच ऐकण्यात चुकलं असेल. मनाला काही हवं असलं की ते देवाच्या आवाजात बोलायला फार लवकर शिकतं." रंगवलेली खोली तशीच रिकामी होती. पण एक झालं. तो टेबलाशी बसून जेवायला लागला, आणि आईला डबा धुतलेला मिळायला लागला.

पुढच्या वर्षी मामीची आई घरात पडली. कंबरेचं हाड मोडलं. म्हातारी एकटी राहायची, जिभेने तिखट. लेकीने 'खिळे खाणारा' नवरा केला म्हणून तिने लग्नातही तोंड वाकडं ठेवलं होतं. आता तिला कुठे ठेवायचं, हे ठरवायला नातेवाईक दवाखान्याच्या व्हरांड्यात जमले. प्रत्येकाच्या घरात नेमकी एक खोली कमी होती.

"मी नेतो," मामा म्हणाला.

आईने त्याला बाजूला ओढलं. "अरे, जन्मभराचं काम आहे. विचारून सांगणार नाहीस?"

"सगळंच विचारायचं नसतं, ताई. जे शास्त्रात आधीच सांगून ठेवलंय ते पुन्हा विचारायचं म्हणजे नाही म्हणायला सवड काढायची."

म्हातारी त्या रंगवलेल्या खोलीत आली आणि पहिल्याच दिवशी म्हणाली, "हा कसला भिकार रंग!" मामाने तिच्यासाठी उंच बैठकीची खुर्ची बनवली. तिने तीनदा बदलायला लावली. ती सहा वर्षं तिथे राहिली. शेवटी शेवटी मामाला यायला उशीर झाला तर जेवायची नाही, आणि तो आला की उशिराबद्दल शिव्या द्यायची.

"तेव्हा तुला हो ऐकू आलं, ते काय होतं मग?" मी एकदा विचारलं.

"बहुतेक 'जाऊन विचार' एवढंच होतं," तो म्हणाला. "पुढचं मी जोडलं."

बाईंच्या नकाराचं कारण आम्हाला कधीच कळलं नाही. वडील गेल्यावर त्या दुसऱ्या शहरात, डोळ्यांच्या दवाखान्यात कामाला गेल्या. जायच्या दिवशी बॅग घेऊनच मामाकडे आल्या, म्हातारीच्या चष्म्याच्या काड्या नीट करून दिल्या. निघताना म्हणाल्या, "त्या बुधवारी तुम्ही उठला नसतात, तर मी पुन्हा कधी प्रार्थना करू शकले असते की नाही, देव जाणे."

 मामा त्यांची बॅग उचलून बस थांब्यापर्यंत गेला आणि बस सुटेपर्यंत तिथे उभा राहिला.