वाढत्या अंगाचा दस्ता

मंडळी, आज लंडनच्या हॅरोहून लेकीला शूटिंग क्लबला घेऊन गेलो आणि तोंड पाडून परत आलो.

तिच्या पॉइंट टू-टू रायफलला, खांद्याला टेकवायचा नवा दस्ता मीच निवडला होता. दुमडणारा कायद्यात बसेल की नाही या धास्तीनं साधा, अखंड लाकडी घेतला. आणि स्कूल युनिफॉर्म घेतो तसा, वाढत्या अंगाचा!

आज नेम धरायला पोरीला मान ताणावी लागत होती. एकही गोळी धड लागली नाही.

"दुसरा घेऊ गं," मी म्हटलं.

तिनं रायफल बॅगेत ठेवली. "नको बाबा. मी मोठी झाले की येते."

मुलांना आत्ताच्या मापाचं आपण कधी काही घेतो का हो?