एव्हिस पेनकची हिरवी सवत

एव्हिस पेनकला एक सवत होती, आणि ती गावाबाहेर शंभर एकरांवर ऐसपैस पसरली होती. दर शनिवारी नवरा, लायनल, न्याहारी उरकून काठ्यांची पिशवी खांद्याला लावायचा आणि गोल्फच्या मैदानावर जायचा, तो थेट अंधार पडता पडता घरी उगवायचा. एकदा चल तरी, म्हणून तिला सांगायचा. तुझी ती तुलाच लखलाभ, असं तिचं ठरलेलं उत्तर. तिची हयात शाळेच्या स्वयंपाकघरात गेली, गावातल्या दोन पिढ्या तिच्या हातचं कस्टर्ड खाऊन वाढल्या. पण मैदानाच्या फाटकाआत तिने पाऊल म्हणून टाकलं नाही. हट्ट म्हणजे हट्ट.

लायनल हिवाळ्यात गेला आणि जाताना घोळ घालून गेला. माझी राख सातव्या होलभोवतीच्या कातरलेल्या हिरवळीवर टाक, असं सांगून ठेवलं होतं त्याने. एव्हिसचा जळफळाट झाला. चर्चच्या आवारात तिच्या आईवडिलांशेजारी दोघांसाठी जागा तिने केव्हाच धरून ठेवली होती. जन्मभराचे शनिवार दिले, आता उरलासुरला नवराही तिलाच द्यायचा की काय? तरी मे महिन्यातल्या एका सकाळी राखेचा डबा बाजाराच्या पिशवीत घालून ती निघाली. सवतीचं तोंड एकदा बघायचं, लायनलला तिथेच नाही म्हणून सांगायचं आणि त्याला घेऊन सरळ चर्च गाठायचं, असा बेत होता.

मैदानाची निगा राखणारा डेस्मंड यॅरो तिला आपल्या छोट्या गाडीतून आत घेऊन गेला. टेकाड ओलांडलं आणि एव्हिस गाडीतच पुढे सरकून बसली. समोर कुण्या जुन्या जमीनदाराने लावलेले ओक उभे होते, एकेकाच्या सावलीत अख्खी शाळा जेवायला बसली असती. उतारावर दव तसंच होतं. तळ्याकाठी हरणं चरत होती, माणसांकडे ढुंकूनही न बघता. दूर कुणीतरी चेंडू मारला की बारीकसा टक् ऐकू यायचा, बाकी सगळं शांत. घरापासून मैलभरावर हे एवढं असं आहे, आणि आपण म्हातारे होईपर्यंत पाहिलं नाही, हे तिला खरंच वाटेना. तिचा ऊर भरून आला. थोडा रागही आला, तो मात्र स्वतःचा.

सातव्या होलपाशी चौघे खेळायला आलेले होते. तुम्ही आधी खेळून पुढे व्हा, अशी डेस्मंडने हाताने खूण केली. पण तिने पिशवीतून काढलेला डबा पाहिला आणि चौघांनी टोप्या काढल्या. जागचे हलले नाहीत.

मग डेस्मंडने अवघडत सांगितलं की, राख हिरवळीवर नाही टाकता येणार. लोक गुपचूप टाकून जातात आणि तेवढ्या जागचं गवत जळतं. गेल्या साली एका कर्नलसाहेबांच्या राखेने पाडलेलं टक्कल अजून भरलेलं नव्हतं.

एव्हिस स्वतः नाही म्हणायलाच आली होती. पण दुसऱ्या कुणी लायनलला नाही म्हटलेलं तिला खपेना.

"जन्म घालवला रे त्याने इथे," ती म्हणाली. "आणि तू त्याला बाहेर काढतोस? शाळेत तुला पुडिंग दुसऱ्यांदा कोण वाढायचं?"

"तुम्हीच, एव्हिसबाई. पण खरं सांगू का? या हिरवळीवर लायनल फार यायचेच नाहीत." त्याने उजवीकडच्या ओककडे बोट केलं. "त्यांचा चेंडू दर खेपेला तिकडे. शोधत बसायचे. आणि सापडला तरी उठायचे नाहीत, नुसते बघत राहायचे."

घरी येऊन मात्र, आज सगळे सरळ मारले, म्हणून फुशारक्या. एव्हिसला हसू फुटलं, ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ती ओकखाली गेली. तिथून तळं दिसत होतं, उतार दिसत होता, आणि त्या सगळ्यावर पसरलेलं ऊन. तिने झाकण काढलं आणि डबा पुरता रिकामा केला, चिमूटही मागे ठेवली नाही. चर्चच्या आवारातली जागा आता दुसऱ्या कुणाला द्या, असं पाद्रीबाबांना सांगावं लागणार होतं; दोघांचीही.

मग ती मुळावर टेकली. डेस्मंड निघण्यासाठी हात द्यायला आला. तिकडे ते चौघे अजून बोडक्यानेच उभे होते.

"त्यांना पुढे जाऊ दे रे," ती म्हणाली. "मला इथे वेळ लागेल."