आरती संपेपर्यंत लॉग ऑफ नाही

जुन्नरच्या एका टायपिंग क्लासमध्ये मी कॉम्प्युटर शिकवायचे. दोन हजार सालानंतरची गोष्ट. क्लासचे मालक म्हणजे आमचे सर, टाइपरायटरवर आयुष्य गेलेला माणूस. मनाने वाईट नव्हते. बौद्धवाड्यातल्या मुलीला शिकवायच्या खुर्चीवर बसवणारे पहिले तेच, हे मी विसरलेले नाही. पण उपकार वेगळा आणि खोटा आळ वेगळा.

सरांच्या टेबलावरचं मशीन सकाळी मी वापरायचे, संध्याकाळी ते. दोघांची लॉगिन वेगळी. दुपारी एकला भारनियमनाची लाइट जायची, म्हणून त्याआधी लॉग ऑफ करून मशीन बंद करणं माझ्याकडे होतं. नेमकं तेव्हाच ते अडून बसायचं. पडद्यावर चौकट यायची: अमुक प्रोग्राम अजून चालू आहे, आत्ताच संपवायचा का? त्यात नाव असायचं आरतीच्या प्रोग्रामचं.

लेण्याद्रीला गेले असताना सरांनी ती सीडी आणली होती. मशीन सुरू झालं की घंटा वाजायची, कोपऱ्यात गणपती यायचा आणि हळू आवाजात आरत्या सुरू व्हायच्या, एकामागून एक, दिवसभर. आरती मधेच तोडायची नाही ही आपल्याकडची रीत. सीडी बनवणाऱ्यानेही ती पाळली असावी, कारण प्रोग्राम मधे थांबायला तयारच नसे. आणि क्लासमधलं कुणी 'एंड नाऊ' दाबायला धजत नसे. देवाला संपवायचं कसं? सगळे 'कॅन्सल' दाबायचे. मीसुद्धा. मग लॉग ऑफच रद्द व्हायचं, एक वाजायचा आणि चालू मशीनवर लाइट जायची. सर तर संध्याकाळी लॉग ऑफच्या भानगडीत पडतच नसत, सरळ बटण दाबून घरी जात.

एक दिवस मुलांच्या सरावाच्या सगळ्या फायली उडाल्या. पुण्याहून आलेला इंजिनिअर म्हणाला, मशीन नीट बंद केलं जात नाही. सर भरल्या बॅचसमोर म्हणाले, "हिचा हात लागला की मशीन अडतंय. आता दुसरं कोनतरी बघावं लागंल."

हात लागला की. ते सहज बोलून गेले असतील, पण मला ते सहज ऐकता आलं नाही. आमच्या घरात त्या शब्दांची ओळख कित्येक पिढ्यांची आहे. माझं डोकं भणाणलं. "आठ दिवस द्या," मी म्हटलं.

मशीन सुरू होताना कोण कोण गुपचूप मागे येऊन बसतं त्याची यादी विंडोजच्या एमएसकॉन्फिग नावाच्या चौकटीत दिसते. रोज एकाची टिक काढायची, मशीन पुन्हा चालू करायचं आणि लॉग ऑफ करून बघायचं. प्रिंटरवाला काढला, अडलं. चॅटवाला काढला, अडलं. माउसच्या बाणाचं फुलपाखरू करणारा एक रिकामटेकडा प्रोग्राम होता, तो काढला, तरी अडलं. सगळं वहीत लिहीत गेले. खरं सांगायचं तर चोर कोण ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं, चौकटीत नाव लिहिलेलंच होतं की! पण त्याला हात लावला तर लोक काय म्हणतील तेही माहीत होतं, म्हणून मी त्याला शेवटी ठेवलं. त्या भित्रेपणाची मला आजही चीड येते. आठव्या दिवशी त्याची टिक काढली आणि मशीन गपगुमान लॉग ऑफ झालं.

मग बाकी सगळ्यांची टिक परत लावली, त्या एकाची सोडून, आणि बॅच भरल्यावर सरांनाच खुर्चीत बसवलं. त्यांनी लॉग ऑफ केलं. झालं. ती टिक लावली, मशीन पुन्हा चालू केलं आणि परत लॉग ऑफ करायला लावलं. अडलं. त्यांचा बाण 'एंड नाऊ'पर्यंत गेला आणि तिथंच थबकला.

"तुमच्यात देव मानत न्हाईत, म्हनून तुला त्योच दिसला व्हय?"

"देव भिंतीवर आहे, सर. त्या फोटोच्या काचेवरची धूळ रोज सकाळी मीच पुसते. हा प्रोग्राम आहे आणि तो वाईट लिहिलाय. वहीत सगळं आहे, वाचा."

त्यांनी वही वाचली, एक ओळ न सोडता. मग स्वतःच टिक काढली आणि उठले. "बरं, चल, शिकवायला घे."

मी जागची हलले नाही. "माझा हात लागला की अडतं, असं तुम्ही या मुलांसमोर म्हणालात. ते खोटं होतं हेही यांच्यासमोरच म्हणा. नाहीतर खरंच दुसरं कुणी बघा."

दुसरी नोकरी कुठे होती मला? वर्गात कुणी की दाबेना. सर खिडकीबाहेर बघत पुटपुटले, "हिच्या हातानं काय बिघडलं नव्हतं."

"मागच्या रांगेला ऐकू गेलं नाही, सर."

मग ते मुलांकडे वळले आणि डिक्टेशन देतात तसं, एकेक शब्द सुटा करून, पुन्हा म्हणाले. मी खुर्ची ओढली आणि बसले.