रिकाम्या बीजाणूंच्या ओव्हाळबाई

डॉ. यशोधरा ओव्हाळ यांना मी पहिल्यांदा भेटले, तेव्हा लोणावळ्याच्या आमच्या कॉलेजात भर दुपारी दिवे लावावे लागले होते. प्रयोगशाळेत धुकं शिरलं होतं. बाईंचा आवाज आधी आला, बाई नंतर दिसल्या. "दार लावून घे गं. यीस्टला चालतं, मला सर्दी होते." त्या दिवसापासून मी त्यांची विद्यार्थिनी, आणि पुढे सहकारी.

उपासमार झाली की यीस्टच्या पेशी बीजाणू तयार करतात. त्याआधी पेशी आपल्या डीएनएची एकदा प्रत काढते, मग तो चार बीजाणूंत वाटते. ही प्रत काढायला लावणारी जनुकं शोधण्यात बाईंनी उमेदीची वर्षं घातली. त्यांनी अशी दोन जनुकं काढून टाकली. पेशी थांबतील, असं वाटलं होतं. पण पेशी प्रत न काढताच विभागत गेल्या. साध्या उजेडात बीजाणू धडधाकट दिसत. अंधाऱ्या खोलीत, डीएनए निळा चमकवणाऱ्या रंगात पाहिले की आत काळोख. कुठे एखादी निळी चिंधी.

माझा प्रबंध त्यावरच होता. "रंग बसला नसेल," मी म्हटलं.

"शेजारच्या चांगल्या पेशी चमकतायत ना? मग दिसतं तेच लिही."

त्या खोलीत एकटीने बसायची मला धास्ती वाटू लागली. मी बोलले नव्हते. तरी बाई दाराबाहेर खुर्ची टाकून पेपर तपासू लागल्या.

एकदा जवळच्या कान्हे गावाहून बाईंच्या आई आल्या होत्या. त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि मागे सरून डोक्यावर पदर घेतला. "घरं हायती गं, पर आत कुनीच न्हाई. तू काडलंस का यास्नी?"

"व्हय, आये."

"मग बसव परत."

बाईंनी एक जनुक परत घातलं. प्रत निघू लागली. चार-चार निळे ठिपके उजळले. आईंना पुन्हा बोलावलं. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. "आले. पर एका घरात अजून अंधार हाय."

मीही पाहिलं. होता.

"का, ते मला ठावं न्हाई, आये," बाई म्हणाल्या. पुढे भर परिषदेतही त्यांनी तो काळा बीजाणू लपवला नाही.

आज पंचाहत्तरीतही बाई त्या अंधाऱ्या खोलीत बसतात. बाहेरून हाक मारली की उत्तर यायला वेळ लागतो आणि तेवढ्यात आमचा हात दाराच्या कडीकडे जातो. मग आतून येतं, "आहे गं!" ते उत्तर आम्हां सर्वांना पुढची कैक वर्षं असंच खणखणीत ऐकू येवो.