सरांच्या चेहऱ्याचा रंग

आईवडिलांनंतर माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे असतील, तर धाड गावच्या शाळेतल्या आमच्या चित्रकलेच्या सरांचे.

आठवीत त्यांनी आम्हाला स्वतःचं चित्र काढायला सांगितलं होतं. मी रंगपेटीतल्या ‘स्किन कलर’ने तोंड गुलाबी रंगवलं. सगळ्या वर्गाने तसंच केलं होतं. सर माझ्या बाकापाशी थांबले.

“कोनाची स्किन हाय बे ही?”

“माही, सर.”

“हात ठेव बरं बाजूले.”

मी हात ठेवला. पोरं हसली. सर स्वतः माझ्याहून काळे होते. त्यांनी माझ्याच ब्रशने तपकिरी रंगात थोडा निळा कालवला, भरपूर पाणी घेतलं आणि शेजारच्या कागदावर माझा हात उतरवला. नखांवर उजेड होता तिथे कागद कोरा सोडला. मग पेटीतली पांढरी ट्यूब उचलून स्वतःच्या खिशात टाकली. “पान्याच्या रंगात पांढरा कागदाचाच असते. हे तुले लागत नाही.”

बारावीनंतर वडील मला खामगावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लावणार होते. सर घरी आले. वडील म्हणाले, “चितरं काढून पोट भरते काय, सर?”

“माह्यं तं भरलं.”

आमच्या घरातली पहिली पदवी अशी आली, आणि तीही चित्रकलेची.

पुढे खामगावात दुकान टाकलं. गेलेल्या माणसाचा फोटो घेऊन लोक येतात आणि तैलचित्र करून मागतात. “आजीले जराशी गोरी करजा हो,” हे त्यात आलंच. सुरुवातीला मी वाद घालायचो. एका बाईंनी आईचं चित्र परत केलं. “माही माय इतकी काळी नव्हती,” म्हणाल्या. त्या स्वतः तितक्याच काळ्या होत्या. मी ते उजळ करून दिलं. तेलरंगात पांढरा लागतोच, असं स्वतःला समजावलं. नंतर कोणी सांगायच्या आधीच हात पांढऱ्याकडे जायला लागला.

सर निवृत्त झाले तेव्हा माजी विद्यार्थ्यांनी त्यांचं तैलचित्र माझ्याकडून करून घ्यायचं ठरवलं. मी तीन आठवडे दुसरं काम घेतलं नाही. पडदा बाजूला झाला तेव्हा लोक म्हणाले, “हुबेहूब!” सरांनी चष्मा लावला, जवळ जाऊन पाहिलं.

“कोन हाय हा?”

सभागृह हसलं. सर हसले नाहीत. जेवणाच्या वेळी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “पांढरा किती लागला बे?”

तोपर्यंत मला ते चित्र चांगलं जमलंय असंच वाटत होतं. घरी येऊन त्यांचा फोटो पुन्हा पाहिला. फोटोतले सर कितीतरी काळे होते.

चित्र शाळेत लावलं होतं. दुरुस्त करून देतो म्हणून मी तिथे गेलो. मुख्याध्यापक म्हणाले, “काऊन बदलता? चांगले तं दिसून राह्यले सर.” आणखी दोनदा गेलो. चित्र तिथेच आहे. खाली माझी सही आहे. शेवटी मी सरांना पत्र पाठवलं:

*आदरणीय सर,*

*सविनय जयभीम.*

*चित्र दुरुस्तीला मागितलं, शाळा देत नाही. आता नवी पोरं त्याच चेहऱ्याला तुमचा चेहरा समजतील.*

*गिऱ्हाइकांना दोष देता आला असता. पण तुम्हाला उजळ करा, असं मला कोणीच सांगितलं नव्हतं. ते मी आपणहून केलं, आणि करताना मला कळलंही नाही. याची लाज जास्त वाटते. माझा हात बाजूला ठेवून तुम्ही जे दाखवलं होतं, ते मी तुमच्याच चित्रात विसरलो.*

*एक मागणं आहे. एक सकाळ मला द्या. फोटो नको. तुम्ही खिडकीपाशी बसा, मी पाण्याचे रंग घेऊन येतो. नाही म्हणायचं असेल तर तसं म्हणा, पण तुम्ही स्वतः म्हणा.*

*हो म्हणालात, तर मी बसायच्या आधी माझी पेटी तपासा.*

*तुमचा विद्यार्थी*