शिष्यवृत्तीवरचा निनावी अर्ज

निवृत्त होऊन बराच काळ झाला, तरी एक साधी चौकशी मला अजून बेचैन करते. तेव्हा मी सांगलीतल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो.

टपालाने निनावी अर्ज आला. एक संस्था कायदा शिकणाऱ्या परित्यक्ता महिलांना शिष्यवृत्ती देई. विश्रामबागेत खोली घेऊन राहणाऱ्या एका विद्यार्थिनीने ती खोट्या प्रतिज्ञापत्रावर मिळवली, प्रत्यक्षात ती कोरेगाव तालुक्यात नवऱ्याकडे नांदते, असा आरोप होता. सोबत सासरच्या रेशनकार्डाची झेरॉक्स, त्यात तिचे नाव. संस्थेलाही असाच अर्ज गेला होता. त्यांनी शिष्यवृत्ती थांबवली.

त्या विद्यार्थिनीला ठाण्यात बोलावून जबाब घेतला; महिला हवालदार तो लिहून घेत होत्या. ती रडली नाही. उलट तिनेच विचारले, "कुठल्या कलमाखाली बोलावलंय, साहेब?" निर्दोष माणूस ठाण्यात थोडा तरी गडबडतो, अशी माझी समजूत. माझा संशय वाढला.

"चार वर्षं झाली, नवरा नांदवत न्हाई," ती म्हणाली.

"मग कार्डावर नाव कसं?"

"त्यांनी कमी केलं न्हाई. मी काय करू?"

उत्तर पाठ करून आणल्यासारखे वाटले.

दुसऱ्या दिवशी तिच्या सासरी गेलो. "नांदतीया की, कालच सांगलीला गेली," नवरा म्हणाला आणि मी न मागताच रेशनकार्ड घेऊन आला. न मागता पुढे केलेला कागद मी नेहमी नीट पाहतो. कार्डाचा फाटका कोपरा चिकटपट्टीने तिरका जोडलेला होता. अर्जासोबतच्या झेरॉक्सवर तोच तिरका जोड होता.

"अर्ज तू धाडलास?"

"न्हाई वो."

"मग तुझ्या घरातल्या कार्डाची झेरॉक्स कुणी काढली?"

त्याने कार्ड माझ्या हातातून परत घेतले. शेवटी त्याची आईच म्हणाली, "सांग की रं आता. तिनं पोटगीचा दावा लावलाय, साहेब. नांदती असं ठरलं, तर दावा बी पडंल आन् शिक्षण बी सुटंल, असं यानं ठरवलं."

मी अहवाल पाठवला. नवऱ्यावर कारवाई झाली, शिष्यवृत्ती सुरू झाली. अहवालाची प्रत न्यायला ती आली, तेव्हा मी विचारले, "पोटगीचं पहिल्याच दिवशी का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं व्हतं, साहेब. तुमी बाईंना म्हणालात, एवढं लिहायला नको."

शेजारी उभ्या असलेल्या महिला हवालदारांनी मान खाली घातली. मला ते बोलल्याचे आठवतही नव्हते.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत, प्रत्येक जबाब वाचून दाखवल्यावर मी समोरच्याला विचारत राहिलो, "तुम्ही सांगितलेलं काही राहिलंय का?"