मोठ्या मायची हरवलेली घडी

मोठी माय अनोळखी पुरुषाला पहिला प्रश्न विचारायची तो एकच. "दादा, किती वाजले?" बाजारात, लग्नाच्या मांडवात, धर्मशाळेच्या ओट्यावर, कुणाच्याही खिशातून साखळी लोंबताना दिसली की ती डोक्यावरचा पदर पुढे ओढून दोन पावलं पुढे झालीच म्हणून समजा. तो गृहस्थ मोठ्या तोऱ्यात साखळी ओढायचा, घड्याळाचं झाकण उघडायचा आणि वेळ सांगायचा. ती वेळ मोठी माय ऐकायचीसुद्धा नाही. "झाकन आतून दाखवा ना, बापा," म्हणायची आणि घड्याळाला नाक लागेल इतकी वाकायची. एकदा दौऱ्यावर आलेल्या तहसीलदाराचं घड्याळ तिनं असंच उलटंपालटं करून पाहिलं आणि "चांगली हाय, पन ही नाही" असं म्हणून परत दिलं. साहेब म्हणे त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आपलंच घड्याळ काढून काढून बघत होते.

मोठी माय म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली वहिनी. मी लग्न होऊन किन्हीराजाला आले तेव्हा ती पन्नाशीला टेकली होती. उंच, काटक, चालताना हात पुरुषासारखे हलवणारी, आणि हसू आलं की पदराचा बोळा तोंडात कोंबणारी. मूलबाळ नव्हतं. नवरा मानमोडीच्या तापाच्या साथीत गेला. त्या दिवसांत घरात माणसांची नुसती ये-जा चाललेली, कोण आलं आणि कोण गेलं याचा पत्ता नाही. त्या गडबडीत खुंटीवरचा त्यांचा कोट गेला आणि कोटाच्या खिशातलं घड्याळही गेलं.

पुढची गोष्ट मी सासूबाईंच्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहे की आता ती मला डोळ्यांनी पाहिल्यासारखी वाटते. तेराव्या दिवशी सगळा गोतावळा बसलेला असताना मोठी माय पहिल्यांदा बोलली. "मले दुसरं काही नको. त्यायची घडी पायजे." माझे सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणते, तेव्हा विशीतले. थोरल्या भावानं त्यांना लेकरासारखं वाढवलेलं. ते उठले आणि चारचौघांत म्हणाले, "वहिनी, दादाची घडी सापडेपर्यंत दमणी तुमची अन् बैल तुमचे. जिथं बाजार भरते तिथं जाऊन शोधा. तुमाले कोनी अडवलं तं माह्याशी गाठ हाय."

दमणी म्हणजे आमच्याकडची माणसं न्यायची हलकी बैलगाडी, वर कमान आणि दोन्ही बाजूंना पडदे. मामाजींचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. त्यामुळे ज्या काळात विधवा बाईनं वेशीपर्यंत जायचं तर दहा जणांना विचारावं लागे, त्या काळात मोठी माय बारा महिने तेरा काळ हिंडत होती. कुणाची बोलायची प्राज्ञा नव्हती, कारण बाई नवऱ्याची आठवण शोधायला निघालेली. गावातल्या बायका उलट तिच्या पाया पडत. मात्र शब्दाला मुदत होती ती घड्याळाची. ते सापडलं की हिंडणं संपलं. मग दमणी गोठ्याच्या पडवीत आणि मोठी माय चुलीपुढे, हे घरात सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं.

मी चौथी शिकलेली, पाट्या वाचता येणारी, म्हणून लग्नानंतर सहाच महिन्यांत माझी नेमणूक तिची सोबतीण म्हणून झाली. पहिली फेरी शेलूच्या बाजाराची. बाजाराच्या कडेला निंबाखाली दमणी सोडली, आणि घड्याळ राहिलं बाजूला, पुंजाजी गाडीवान पळसाच्या पानात वाफाळते भजे घेऊन आला. त्याला काही सांगावंही लागलं नव्हतं. मी घाबरून म्हटलं, "मोठी माय, बाजारात खायचं? कोनी पाह्यलं तं?"

"मंग पडदा कायले असते?" असं म्हणून तिनं दोन्ही पडदे सोडले आणि पहिला भजा उचलला.

प्रवासाचं तिचं एक शास्त्रच होतं. ज्या गावी गेलो त्या गावचं खाल्ल्याशिवाय माघारी फिरायचं नाही, गावदेवीला राग येतो. गरम भजा थंड होऊ देणाऱ्याला पुढचा जन्म उपाशी. वाशीमला बालाजीचं दर्शन आधी आणि पेढा नंतर, कारण "देवापुढं तोंड चिकट नको." कारंज्याला जिलेबी कढईपाशी उभं राहून घ्यायची, घरी आणलेली जिलेबी म्हणजे तिच्या मते दोऱ्याचा गुंडा. सीताफळांच्या दिवसांत रस्त्यातच गाडी थांबवून झाडावरची पिकलेली फळं खायची, आणि बिया कोण लांब थुंकतं याची तिची आणि पुंजाजीची शर्यत लागायची. पुंजाजी नेहमी हरायचा. मला वाटतं, मुद्दाम हरायचा.

आणि घड्याळं. जुनं-पुराणं सामान मांडून बसलेल्या माणसापुढे ती बसली की हलायची नाही. गंजलेली कुलपं, अडकित्ते, फुटके कंदील यांतून ती बरोबर घड्याळ हुडकून काढायची. झाकण उघडायचं, आत पाहायचं. "ही नाही," म्हणायची. मग थोडं थांबून, "पन ही बी कोनाची तरी हाय ना. पडू द्या आपल्याजवळ." अशी एकेक करत बावीस जमली. चांदीची, पितळेची, किल्लीनं चावी द्यायची, एक तर इतकं जुनं की कारंज्याचा घडीसाज, म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारा, ते हातात घेऊन आधी नमस्कार करायचा आणि मगच उघडायचा. ती सगळी मोठ्या मायनं एका पितळी मिसळणाच्या डब्यात ठेवली होती, हळद-तिखटाच्या वाट्यांमध्ये. नावं खाण्यावरून ठेवलेली. ही जिलेबीवाली, ही मुंगवड्याची, ही सीताफळाची, ही रिसोडची, तिथं पोट बिघडलं होतं. मी आजारी पडले की ती उशाशी तो डबा घेऊन बसायची, आणि एकेक घड्याळ काढून त्या दिवसाची गोष्ट सांगायची. औषधानं नाही पण मुंगवड्यांच्या आठवणीनं मला बरं वाटायचं.

चावी मात्र ती एका वेळी एकालाच द्यायची. "साऱ्या एकदम चालवल्या तं घरात भांडन लागीन. एक म्हनीन दहा, एक म्हनीन अकरा." खरी वेळ हवी असली की ती पडदा बाजूला करून ओरडायची, "पुंजाजी, किती वाजले?" पुंजाजी सूर्याकडे बघून सांगायचा आणि ते धरून चालायचं. पुढे लढाईच्या दिवसांत सरकारनं सगळी घड्याळं तासभर पुढे करायला लावली, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "सरकारले भूक लवकर लागून राह्यली वाटते."

हरवलेल्या घड्याळाची खूण काय, हे तिनं कधीच कुणाला सांगितलं नाही. "खून सांगतली तं कोनीबी करून आनीन," म्हणायची. मामाजींनी तीन-चार वेळा इकडून तिकडून घड्याळं आणून दाखवली. ती झाकण उघडून बघायची आणि कोर्टातल्या जज्जासारखा निकाल द्यायची, "ही नाही, भाऊजी."

माझ्या लग्नाच्या तिसऱ्या वर्षी ती एका गोष्टीसाठी हटून बसली. कारंज्याहून मूर्तिजापूरला जाणारी छोटी रेल्वे. ती गाडी तिनं फाटकातून शंभरदा पाहिली होती, पण बसली कधी नव्हती. रेल्वेत काय घड्याळ सापडणार, असं सासूबाईंनी विचारलं. "रेल्वेवाल्यायजवळच तं घड्या असतात," मोठी माय म्हणाली. उद्या पहाटे निघायचं, दशम्या बांधून तयार. आणि त्याच दिवशी दुपारी मामाजी अकोल्याहून कोर्टाचं काम उरकून आले ते धावतच.

"वहिनी, सापडली!"

त्यांच्या हातात चांदीचं घड्याळ होतं. रोमन आकडे, सेकंदाचा छोटा काटा, झाकणावर वेलबुट्टी. अकोल्याच्या एका घडीसाजाच्या खणात वर्षानुवर्षं पडून होतं. मामाजी म्हणाले, "दादाच्या घडीले हात लावाची आमची छाती नव्हती, पन दुरून हजारदा पाह्यली. हीच होती, वहिनी." त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. असं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. सासूबाई तर घड्याळाला ओवाळायला हळदकुंकवाचं ताटच घेऊन आल्या. मी मनात म्हटलं, संपलं. शेलूचे भजे संपले, सीताफळं संपली, उद्याची रेल्वेही गेली. मला रडू आलं आणि सगळ्यांना वाटलं, मला आनंदानं रडू आलं.

मोठ्या मायनं झाकण उघडलं. खूप वेळ आत बघत राहिली, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. मग मामाजींच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पुन्हा आत पाहिलं आणि अगदी हळू म्हणाली, "नाही, भाऊजी. ही नाही."

मामाजींनी डोळे पुसले. ते घड्याळ तिनं डब्यात ठेवलं, मधल्या वाटीत, एकटंच. त्याला खाण्यावरून नाव दिलं नाही. ते शेवटपर्यंत 'भाऊजीची' राहिलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. वाटेत शेलूला पुंजाजीनं भजे आणले, तर तिनं पान तसंच बाजूला सारलं. तेव्हा मी खरी घाबरले. कारंज्याला गाडीत बसलो. गाडी कसली, रमतगमत निघालेली गाय ती. वळणावर पोरं उतरायची, बोरं वेचायची आणि पुन्हा चढायची. मोठी माय खिडकीशी बसली होती. गावं मागे पडली तशी तिनं कमरेची पान-सुपारीची चंची सोडली, आतून एक चांदीचं घड्याळ काढलं, झाकण उघडलं आणि खिडकीबाहेर धरलं, लेकराला चांदोबा दाखवतात तसं.

"पाहा," ती म्हणाली. मला नव्हे, घड्याळाला.

मी ते वाकून पाहिलं. झाकणाच्या आत सुईनं कोरलेली दोन छोटी चाकं होती.

"ही?" मी विचारलं.

"हीच. चाकं म्या काढले, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. हे रेल्वेनं साऱ्या मुलखात फिरायचे अन् घरी येऊन सांगायचे, हे खाल्लं, ते पाह्यलं. म्हनायचे, तुले बी नेईन. म्या म्हनलं, इसरान तुमी. म्हनून झाकनात चाकं काढून ठेवले. येळ पाह्यली की आठोन येईन."

"पन मोठी माय, कवा सापडली?"

"तिसऱ्याच बाजारात. शेलूले."

मी हिशेब केला, म्हणजे माझ्या लग्नाच्याही कितीतरी आधी. मग मी बघतच राहिले. "अन् घरी सांगतलं नाही? काहून?"

"सापडली म्हनलं असतं तं चौथा बाजार पाहाले भेटला असता काय, पोरी?" ती म्हणाली. "म्या भजे खाल्ले, घडी चंचीत टाकली अन् घरी येऊन सांगतलं, नाही सापडली. मंग शोधून राह्यली असं दिसाले नको काय? म्हनून दुसऱ्या घड्या पाहू लागली. पाहता पाहता त्यायचीच गोडी लागली." तिनं झाकण मिटलं. "पन काल भाऊजीच्या डोळ्यात पानी पाह्यलं, तवा तोंडावर आलं होतं, हाय म्हना. देवमानूस हाय तो. त्याले फसवलं म्या. हे एक पाप माह्या नावावर राहीन."

मूर्तिजापूर आलं. फलाटावर कचोरी होती. तिनं तीन घेतल्या, एक तिची, एक माझी, आणि तिसरी चंचीशेजारी मांडीवर ठेवली. परतीच्या गाडीत ती तिसरीही तिनंच खाल्ली. "त्यायले तिखट सोसत नव्हतं," म्हणाली आणि पदर तोंडात कोंबून इतकी हसली की डब्यातल्या बायका बघायला लागल्या.

त्यानंतर दहा वर्षं आम्ही दोघी मिळून ते घड्याळ शोधलं. मन लावून शोधलं. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात सुखाची वर्षं, हे मी आज कुणापुढेही सांगेन.

एका हिवाळ्यात ती चार दिवसांच्या तापानं गेली. तिसऱ्या दिवशी घरात कुणी नाही असं बघून तिनं गोधडीखालून माझा हात धरला आणि चंची माझ्या मुठीत दिली. "आजपासून हरवलेली घडी तुह्यापाशी हाय," म्हणाली. "सापडू देऊ नको."

तेरावा झाला, पाहुणे पांगले. मामाजी ओट्यावर बसले होते, तो बावीस घड्याळांचा आणि एका 'भाऊजीची'चा डबा मांडीवर घेऊन. मी पाणी द्यायला गेले. ते डब्याकडे बघतच म्हणाले, "सूनबाई, दादाची घडी राह्यलीच शोधाची."

माझ्या कमरेला ती टिकटिक करत होती. "हो, मामाजी," एवढंच मी म्हणाले.

"अशी सोडून देता येत नाही. म्या शब्द देल्ला होता. आता तू जात जाय, दमणी घेऊन." मी वळले तशी त्यांनी हाक मारली. "अन् हे पाय. येताना शेलूचे भजे आनजो. इतके वर्सं झाले, वहिनीनं एकदा बी घरी आनले नाहीत."

मी त्यांच्याकडे बघायचं धाडस केलं नाही. पुढच्या बाजाराला गेले. निंबाखाली गाडी सोडली, दोन्ही पडदे सोडले. मामाजींसाठी पळसाच्या पानात भजे बांधून घेतले, पण रस्ता लांबचा आणि भजे गरम, घरी पोचेपर्यंत दोनच उरले होते. मामाजींनी ते दोन्ही सावकाश खाल्ले, पान उलटून पाहिलं, हात धुतले, आणि घड्याळाचं काही विचारलं नाही.